चौकशीविना फैसला

पालघर, बोईसर आणि सफाळे येथील संगणक-दुरुस्तीच्या दुकानांत जाऊन जो कोणी आपला जुना लॅपटॉप फळीवर ठेवतो आणि ‘हा सुरू व्हायला फार वेळ लावतो’ एवढीच कैफियत मांडतो, त्याला बहुधा यंत्राचे झाकण उघडण्यापूर्वीच एक ठरीव उत्तर मिळते: ‘सहा-सात वर्षे झाली ना? मग जुना झाला, आता नवाच घ्या.’ ज्याला हे उत्तर परवडणारे नसते त्याच्यासाठी दुसरे, काहीसे सौम्य उत्तर तयार असते, ते म्हणजे ‘फॉरमॅट मारून देतो’. या दोन उत्तरांना आता सिद्धान्ताची प्रतिष्ठा आली आहे. दुकानदार ती बेलाशक देतात, ग्राहक ती निमूटपणे स्वीकारतात, आणि घरातील शिकलेली मुलेही तीच वडीलधाऱ्यांना ऐकवतात. या सिद्धान्ताला माझी हरकत आहे. मंद सुरुवात हे लक्षण आहे, त्याची कारणे अनेक आहेत, आणि ज्याने कारणाचा तपास केलेला नाही त्याला यंत्र बाद ठरविण्याचा किंवा त्यातील मजकूर पुसून टाकण्याचा कोणताही अधिकार पोहोचत नाही, असे माझे ठाम म्हणणे आहे.

हे म्हणणे मी एडवणमध्ये बसून मांडतो आहे, याला कारण आहे. एडवण हे पालघर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. आशापुरी देवीचे स्थान म्हणून दूरवर परिचित, परंतु येथे संगणकाची बाजारपेठ नाही. यंत्र बिघडले तर ते पिशवीत घालून एसटीने सफाळे गाठावे, तेथून गाडीने पालघर किंवा बोईसर, आणि दुकानदाराने ‘परवा या’ म्हटले की पुन्हा तोच प्रवास. त्यात कोणाची मजुरी बुडते, कोणाचे कॉलेजचे तास बुडतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, प्रवेश-अर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षेची नोंदणी हे सारे पडद्यावर आले, आणि त्यामुळे ज्या घरात पूर्वी संगणकाचे नावही नव्हते तेथे मुंबईहून आणलेला, कोणा नातेवाइकाने वापरून दिलेला एखादा लॅपटॉप घरातील सर्वांच्या कामाचे दफ्तर होऊन बसला. अशा घराला ‘नवा घ्या’ असे सांगणे म्हणजे त्याच्यावर काही महिन्यांच्या मिळकतीचा बोजा टाकणे होय, आणि असा बोजा टाकणाऱ्याने निदान आपल्या निर्णयाची कारणे तरी दिली पाहिजेत.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते असे की, वापराने प्रत्येक यंत्र झिजते आणि झिजल्यावर मंदावते; नव्या प्रणाली आणि नवे प्रोग्राम दिवसेंदिवस अवजड होत असल्यामुळे जुन्या यंत्राला ते पेलत नाहीत; आणि दुरुस्तीत जो वेळ व पैसा जातो त्यापेक्षा नवे यंत्र घेणे अंती किफायतशीर ठरते. यांपैकी एकही विधान सर्वस्वी निराधार नाही, म्हणूनच ती तिन्ही मिळून एवढी बलवान वाटतात. परंतु कशाला झिजणे म्हणतात आणि काय झिजते हा प्रश्न विचारला की पहिल्या विधानाचा पाया डळमळू लागतो.

प्रोसेसर आणि रॅम यांच्यात हलणारा एकही भाग नाही. ज्या प्रोसेसरची घड्याळगती २०१४ साली सेकंदाला दोन अब्ज आवर्तने होती त्याची ती आजही तितकीच आहे. तो वयाने हळू होत नाही, तापला तर मात्र स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपली गती आपणच उतरवतो, आणि तो तापतो तो पंख्यात व उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत कोंडलेल्या धुळीमुळे. झिजणारी मुख्य वस्तू आहे ती जुन्या लॅपटॉपमधील फिरती हार्ड डिस्क, आणि या एका भागाचे गणित समजून घेतल्यावाचून मंदपणाविषयी बोलणेच व्यर्थ आहे. या डिस्कची चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, त्याआधी वाचक-दांडी योग्य पट्ट्यावर सरकवावी लागते, आणि हे सारे जमेस धरले तर विखुरलेला एकेक लहान तुकडा वाचण्यास पंधरा-सतरा मिलिसेकंद खर्ची पडतात. सेकंदाला साठ-सत्तर तुकडे, एवढीच तिची धाव. आता विंडोज सुरू होते तेव्हा तिला एखादी मोठी, सलग फाईल वाचावयाची नसते. हजारो लहान तुकडे डिस्कच्या कानाकोपऱ्यांतून गोळा करावयाचे असतात. फिरता भाग नसलेली एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने करते. सलग फाईल वाचताना या दोहोंतील फरक चार-पाच पटींचा दिसतो, परंतु विखुरलेल्या तुकड्यांच्या बाबतीत तो शेकडो पटींवर जातो, आणि संगणकाची सुरुवात ही जवळजवळ संपूर्णपणे विखुरलेल्या तुकड्यांचीच कहाणी आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. ती डिस्क नवी होती तेव्हाही सेकंदाला साठ-सत्तर तुकडेच वाचत होती. बदलले असेल ते तिच्यापुढे रोज सकाळी येणाऱ्या अर्जांचे प्रमाण. प्रिंटरबरोबर आलेला साहाय्यक, दोन-तीन ब्राउझरांचे अद्ययावतक, मोबाइल जोडण्यासाठी एकदाच वापरलेला प्रोग्राम, फायली इंटरनेटवर चढवणारी सेवा, एकावर एक बसवलेले दोन अँटिव्हायरस, हे सारे एकाच क्षणी दारात उभे राहतात, आणि टास्क मॅनेजर उघडून पाहिले तर डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के असा आकडा कित्येक मिनिटे हलत नाही. याला वार्धक्य म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे. दुसरी शक्यता अशी की, डिस्कच्या काही जागा खरोखरीच नादुरुस्त होत आल्या आहेत, आणि तेथील मजकूर वाचण्यासाठी ती पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहते, ज्यात एकेका तुकड्यासाठी सेकंदांचे सेकंद जातात. हा मात्र खरा क्षय. परंतु तो एका भागाचा क्षय आहे, आणि तो भाग दोन-चार स्क्रू काढून बदलता येतो.

तेव्हा तपास कसा करावा? संगणकाची सुरुवात ही एक क्रिया नसून एकामागून एक येणाऱ्या टप्प्यांची साखळी आहे, आणि कोणत्या टप्प्यात वेळ गेला हे कळले की निम्मे निदान झाले. बटण दाबल्यापासून कंपनीचे बोधचिन्ह दिसेपर्यंतचा काळ विंडोजचा नसतोच; तो बायोसचा असतो, आणि ‘लास्ट बायोस टाइम’ या नावाने टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर तो बहुतेक यंत्रांत सेकंदांत नोंदलेला सापडतो. हा आकडा मोठा असेल तर फॉरमॅटने तो तसूभरही कमी होणार नाही, कारण त्या क्षणापर्यंत विंडोजचे एक अक्षरही वाचले गेलेले नसते. तेथे पाहावयाचे ते असे की, डिस्कच्या आधी नेटवर्कवरून सुरू होण्याचा क्रम लावून ठेवला आहे काय, एखादा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क कायम जोडलेली आहे काय, आतली नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ बॅटरी संपून दर वेळी तारीख मागे जाते काय, किंवा डिस्कच हाकेला उशिरा ओ देते आहे काय. बोधचिन्हाखाली ठिपके फिरत राहतात तो टप्पा प्रणालीचा आणि ड्रायव्हरांचा. पासवर्ड दिल्यानंतर पडदा दिसतो, पण कशावरही क्लिक केले तरी काही उघडत नाही, हा शेवटचा टप्पा त्या दारात उभ्या असलेल्या अर्जदारांचा. आणि माझ्या पाहण्यात आलेल्या यंत्रांपैकी पुष्कळांचा वेळ येथेच जात होता.

याहून पक्का पुरावा हवा असेल तर तोही यंत्राने स्वतःच्या दफ्तरी ठेवलेला असतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स’ नावाची एक नोंदवही आहे. तीत शंभर क्रमांकाची नोंद सुरुवातीस लागलेला एकूण काळ मिलिसेकंदांत देते, आणि त्यापुढील १०१, १०२ व १०३ या क्रमांकांच्या नोंदी कोणत्या प्रोग्रामने, कोणत्या ड्रायव्हरने आणि कोणत्या सेवेने विलंब लावला हे नावानिशी सांगतात. आरोपीचे नाव, वेळ आणि साक्ष ही तिन्ही हाताशी असताना ती वही न उघडता फैसला देणे यास मी तपास म्हणू शकत नाही. लिनक्स वापरणाऱ्यास तर हे काम अधिकच सोपे आहे. ‘सिस्टिमडी-अॅनलाइझ’ ही एकच आज्ञा यंत्रणेच्या प्रत्येक टप्प्याचा काळ अलग करून दाखवते.

आणखी एक बाब सांगणे अगत्याचे आहे, कारण तिच्याविषयी जाणत्यांतही अज्ञान आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे आपण ‘शट डाउन’ केले तरी प्रणालीचा गाभा खऱ्या अर्थाने बंद होत नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी उचलून परत मांडला जातो. सबब, रोज रात्री इमानाने यंत्र बंद करणाऱ्या गृहस्थाचा टास्क मॅनेजर ‘अप टाइम’ म्हणून कित्येक दिवस दाखवतो, आणि साचलेले दोष तसेच पुढे चालत राहतात. ‘रीस्टार्ट’ केल्यास मात्र पूर्ण, स्वच्छ सुरुवात होते. दोन्ही प्रकारांना किती वेळ लागतो याची तुलना करावी. रीस्टार्टनंतर यंत्र नीट चालत असेल आणि शट डाउननंतर अडखळत असेल, तर दोष त्या सोयीत किंवा एखाद्या ड्रायव्हरात आहे, आणि ती सोय बंद करण्यास एक पैसाही लागत नाही.

आता आमच्या किनाऱ्याच्या दोन व्याधी. शहरासाठी लिहिलेल्या सल्ल्यांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. पहिली खाऱ्या, दमट वाऱ्याची. समुद्रालगतच्या घरात उघडा राहणारा लॅपटॉप धूळ ओढून घेतो ती कोरडी धूळ नसते. मीठ आणि ओल यांनी ती पंख्याच्या पात्यांना लेपासारखी चिकटते, हवा कोंडते, प्रोसेसर तापतो आणि गती उतरवतो. रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर मळाचा थर चढला तर यंत्र सुरुवातीसच अडखळते. हे काम ब्रशने, हवेच्या झोताने आणि खोडरबराच्या हलक्या हाताने व्हावयाचे असते. दुसरी व्याधी विजेची. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, तो चार्जरच्याच जिवावर चालतो, आणि पावसाळ्यात वीज गेली की अर्धवट लिहिलेल्या फायलींसकट क्षणात बंद पडतो. मग दुसऱ्या सुरुवातीला डिस्कची तपासणी चालते, अर्धवट राहिलेले अपडेट मागे घेतले जाते, आणि मालकाला वाटते की यंत्राचे वय झाले. याच प्रकरणात बाजारातील स्वस्त चार्जरचाही विचार करावा: काही कंपन्यांचे लॅपटॉप आपल्या मूळच्या नसलेल्या चार्जरची ओळख पटली नाही तर सुरुवातीस इशारा देऊन थांबतात आणि पुढे प्रोसेसरची गतीही जाणूनबुजून खाली ठेवतात. असे यंत्र नव्या एसएसडीनेही धावणार नाही. योग्य चार्जर लावल्याबरोबर मात्र ते पूर्ववत चालू लागेल. हे ज्याने तपासले नाही त्याने वयाचा दाखला देऊ नये.

फॉरमॅटविषयी मला अधिक तीव्र शब्दांत लिहावे लागेल. एडवणमधील एका सेवानिवृत्त शिक्षकांनी गावाच्या जुन्या आठवणी, जत्रेच्या हकिकती आणि वाडवळी बोलीतील शब्द अनेक वर्षे आपल्या लॅपटॉपवर टंकित करून ठेवले होते. यंत्र सुरू होण्यास विलंब लागतो म्हणून त्यांनी ते एका दुकानात दिले; तेथे काहीही न विचारता फॉरमॅट झाला, नवी विंडोज बसली, आणि शिक्षकांचे लिखाण गेले. दुःखाची परिसीमा अशी की, मंदपणा गेला नाही. पुढे डिस्कची आरोग्य-नोंद पाहिली तेव्हा तीत वाचता न येणाऱ्या, बदलीच्या प्रतीक्षेत असलेल्या जागांची संख्या वाढत चाललेली आढळली; म्हणजे मूळ दोष डिस्कच्या पृष्ठभागावर होता आणि इलाज मात्र तिच्यावरील मजकुरावर झाला. ‘स्मार्ट’ नावाची ही आरोग्य-नोंद प्रत्येक डिस्क स्वतः ठेवते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम ती एका मिनिटात वाचून दाखवतो. पाच, सी-पाच आणि सी-सहा या क्रमांकांच्या ओळी शून्यावर नसतील, आणि विशेषतः वाढत असतील, तर पहिले कर्तव्य मजकूर दुसरीकडे उतरवून घेण्याचे आहे. फॉरमॅटचा विचारही त्यानंतरच. पुष्कळ प्रकरणांत खरा उपाय फॉरमॅटहून सुरक्षितही असतो: नवी एसएसडी आत बसवावी, आणि जुनी डिस्क जशी आहे तशी बाहेरच्या डबीत घालून मालकाच्या हाती द्यावी. यात एक अक्षरही पुसले जात नाही.

फॉरमॅटने काही यंत्रे तात्पुरती चपळ होतात हे मी नाकारीत नाही. साचलेले प्रोग्राम त्याबरोबर नाहीसे होतात, हेच त्याचे रहस्य. परंतु तेच प्रोग्राम स्टार्टअपच्या यादीतून एकेक बंद करता येतात, आणि मालकाची छायाचित्रे, हिशेब व जुन्या फॉन्टांत टाइप केलेले मराठी कागद शाबूत राहतात. त्यातही ज्या दुकानांत फॉरमॅटनंतर परवान्याशिवायची, ‘हलकी’ म्हणून काटछाट केलेली विंडोज बसवून दिली जाते, तेथे ग्राहक बँकेचे व्यवहार करण्यासाठी कोणाच्या हातची प्रणाली वापरतो आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नसते.

घरगुती तोडग्यांची गोष्ट थोडक्यात उरकतो. ‘एमएस-कॉन्फिग’मध्ये प्रोसेसरांची संख्या वाढवून लावल्याने सुरुवात जलद होते, ही समजूत साफ खोटी आहे, ती खूण संख्या मर्यादित करण्यासाठी आहे, आणि ती न लावता विंडोज सर्वच प्रोसेसर वापरते. ‘प्रीफेच’ची फाईल-पेटी रिकामी केल्याने पुढची सुरुवात उलट मंदावते, कारण कोणते तुकडे आधी लागतात याची शिकलेली यादीच तीत असते. रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्राम स्वतःच सुरुवातीच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

दुसरा आक्षेप नव्या प्रणालींच्या अवजडपणाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर. तेव्हा जुन्या यंत्राचा मालक अडचणीत आहे, हे मान्य. परंतु येथे दोन स्वतंत्र फिर्यादी एकत्र केल्या जातात. यंत्र मंद आहे ही एक. त्याच्या प्रणालीला सुरक्षेची अपडेट मिळत नाहीत ही दुसरी. दुसरी खरी असल्याने पहिलीवर दिलेला चुकीचा निकाल बरोबर ठरत नाही. शिवाय दुसरीवरही इलाज आहेत. वैयक्तिक वापराच्या यंत्रांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची तजवीज खुद्द मायक्रोसॉफ्टनेच केली, आणि ज्याचे काम पत्रे, ब्राउझर, व्हिडिओ व युनिकोड मराठी एवढ्यापुरते आहे त्याला लिनक्स मिंटसारखी प्रणाली ४ जीबी रॅम व एसएसडी असलेल्या जुन्या यंत्रावर समाधानाने वापरता येते. आपल्या सी-डॅकने बॉस ही भारतीय भाषांसाठी घडवलेली लिनक्स प्रणाली २००७ सालीच लोकांपुढे ठेवली होती. ज्याला टॅली चालवावयाची आहे किंवा सहीचा डिजिटल टोकन विंडोजवरच चालतो, त्याच्यासाठी हा मार्ग नाही, हेही सांगितले पाहिजे. तसेच ज्या स्वस्त लॅपटॉपमध्ये २ जीबी रॅम आणि ३२ जीबीची ईएमएमसी साठवण मदरबोर्डलाच डाग देऊन बसवलेली आहे, त्यात बदलण्यासारखे काहीच नसते. त्याबाबत प्रतिपक्षाचे म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो. परंतु तेथेही तो निष्कर्ष झाकण उघडून, भाग पाहून काढलेला असावा.

उरला तो किफायतीचा प्रश्न. एसएसडी, आणि जागा असल्यास रॅमची एक जास्त पट्टी, यांचा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा एक लहान अंश असतो, आणि मी वर सांगितलेला बहुतेक तपास तर बिनखर्ची आहे. नव्या यंत्राच्या किमतीत मात्र टाकलेल्या यंत्राची विल्हेवाट कोणी धरत नाही. २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. परंतु गावात बाद लॅपटॉप शेवटी भंगारवाल्याच्या गोणीत जातो, हे आपण सारे पाहतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले ते ग्राहकाला दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून. ती माहिती बोईसरच्या दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचली पाहिजे. आणि वयाच्या युक्तिवादाविषयी म्हणावयाचे तर, ज्या परिसरात तारापूरचे पहिले दोन अणुसंच १९६९ साली सुरू झाले, ज्यांचे आयुष्य तपासण्या करून, झिजलेल्या नलिका ओळखून व त्या बदलून वाढविण्यात आले, आणि जेथील औद्योगिक वसाहतीत आमच्या भागातील कित्येक माणसे देखभालीचीच नोकरी करतात, त्या परिसराला तरी तपासणीआधी बाद ठरविण्याची रीत शोभत नाही.

म्हणून दुकानदार बंधूंना माझी विनंती आहे की, ग्राहकाच्या पावतीवर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: बायोसला लागलेले सेकंद, शंभर क्रमांकाच्या नोंदीतील एकूण काळ, आणि डिस्कच्या आरोग्य-नोंदीतील त्या तीन ओळी. यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि त्याचे रास्त शुल्क ग्राहकाने खुशीने द्यावे. एडवण, केळवे, माथाणे, दातिवरे येथून लॅपटॉप घेऊन निघणाऱ्या वाचकांनी निघण्यापूर्वी आपला मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा, मूळचा चार्जर बरोबर न्यावा, आणि ही नोंद हाती पडेपर्यंत फॉरमॅटला किंवा नव्या खरेदीला संमती देऊ नये.